परसातल्या कोंबड्यांचे खुराडे: नागपूरच्या उन्हात आणि काळ्या मातीत

नागपुरात परसात कोंबड्या पाळणाऱ्याला दोन संकटांचा विचार एकाच वेळी करावा लागतो. शिकारी प्राण्याच्या भीतीने खुराडे चारही बाजूंनी पत्र्याने बंद केले, तर मे महिन्यात पारा 45 अंशांकडे जाऊ लागताच कोंबड्या आतल्या आत गुदमरतात, आणि हवेसाठी ते उघडे ठेवले, तर मुंगूस किंवा रानमांजर आत शिरते. म्हणून खुराड्याच्या भिंती कमरेइतक्या विटांच्या आणि त्यावर छपरापर्यंत जाळीच्या असाव्यात, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे.

बांधकामाला हात घालण्यापूर्वी नुकसान कोण करते, ते ओळखावे. आपण कोणत्याही चोराला खोकड म्हणून मोकळे होतो, परंतु खरे खोकड, म्हणजे काळ्या शेंड्याच्या शेपटीचे लहान, सडपातळ जनावर, मोकळ्या माळरानावर राहते आणि बहुतांशी उंदीर व किडे खाते. गोरेवाडा किंवा हिंगण्याच्या बाजूला झुडपी जंगलाला लागून ज्यांची घरे आहेत, त्यांच्याकडे कोल्हा किंवा रानमांजर येण्याचा संभव अधिक. ही जनावरे बहुधा एखादी कोंबडी उचलून नेतात आणि मागे पिसांची रेघ राहते. पाच-सहा कोंबड्या मारून तिथेच टाकलेल्या आढळल्या, तर प्रथम भटक्या कुत्र्यांचा संशय घ्यावा. मुंगूस दिवसा फिरते, त्यामुळे भर दुपारी कोंबडी मानेला चावा घेऊन मारलेली दिसली, तर त्याचा विचार करावा. मध्यरात्रीच्या नुकसानाचा दोष त्याला सहसा देता येत नाही. रात्री छपरावरून येणारे जनावर बहुधा उदमांजर असते. अंडी टरफलासकट नाहीशी होत असतील, तर साप येत असावा. पिल्लांना शिक्रा, घार आणि कावळे यांचे भय दिवसभर असते.

आता जाळीविषयी. बाजारात कोंबडीजाळी म्हणून मिळणारी षट्कोनी, पातळ तारेची जाळी कोंबड्यांना आत ठेवते, एवढेच तिचे काम. कुत्रा ती दातांनी फाडतो. तिच्याऐवजी अर्ध्या इंचाच्या चौकटीची, जाड तारेची वेल्डेड जाळी घ्यावी. तिच्या फटीतून मुंगूस जात नाही आणि मोठा सापही अडतो. जाळी लाकडी चौकटीवर नुसत्या खिळ्यांनी न ठोकता तिच्या कडांवर पट्ट्या बसवून स्क्रूने आवळावी. भिंत आणि छप्पर यांच्यामधली फट लोक हमखास विसरतात. टिनाच्या पत्र्याची नाळी जिथे भिंतीवर टेकते, तिथेही जाळी भरावी, कारण उंदराला किंवा सापाला तेवढी वाट पुरते.

जमिनीखालचा बंदोबस्त करताना इथली माती लक्षात घ्यावी. जाळी फूटभर खोल पुरावी, असा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि मुरमाड जमिनीत तो योग्यही आहे. परंतु काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते, त्यामुळे पुरलेल्या जाळीशेजारी पोकळी तयार होते. घूस तिथे बीळ करते आणि त्याच बिळाने पुढे मुंगूसही येते. अशा जागी खुराडे विटा-सिमेंटच्या जोत्यावर उभारावे, किंवा जाळी भिंतीच्या बुडाशी काटकोनात वळवून बाहेरच्या बाजूला दीड ते दोन फूट आडवी पसरावी आणि तिच्यावर दगड रचावेत. उकरणारे जनावर भिंतीला लागूनच उकरते, आणि तिथे त्याच्या पायांना तार लागते.

उन्हाळ्यात छपरावर पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, किंवा तणस, म्हणजे धानाचा पेंढा, घालावे आणि जाळीवर ओले गोणपाट सोडावे. पाऊस सुरू होण्याआधी मात्र ती पऱ्हाटी काढून टाकावी, कारण तिच्यात उंदीर घर करतात आणि त्यांच्यामागे साप येतो. त्याच कारणासाठी दाण्याचा साठा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावा आणि सांडलेले दाणे संध्याकाळी झाडून घ्यावेत.

दाराला साधी खिट्टी पुरत नाही. माझ्या घरी दोन कोंबड्या गेल्या, त्या सैल खिट्टीमुळे. कुत्र्याने दाराला धडका दिल्या आणि ती वर सरकली. तेव्हापासून मी वर आणि खाली अशा दोन कड्या लावतो आणि खालच्या कडीत स्प्रिंगचा हूक अडकवतो.

सूर्य मावळला की कोंबडी दांडीवर निमूट बसते; अंधारात तिला फारसे दिसत नाही, त्यामुळे ती पळूनही जात नाही. डिसेंबरात सूर्यास्त साडेपाचच्या सुमारास आणि जूनमध्ये सातच्या सुमारास होतो, म्हणून दार बंद करण्याची वेळ घड्याळावर न ठरवता उजेडावर ठरवावी, आणि कड्या लावण्यापूर्वी कोंबड्या मोजाव्यात. पिल्ले दिवसा डाल्याखाली ठेवावीत, डाल्याभोवती बारीक जाळी गुंडाळावी आणि वर जड दगड ठेवावा.

विष घालणे किंवा फासे लावणे हा उपाय नव्हे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कोल्हा, खोकड, रानमांजर आणि मुंगूस यांना संरक्षण दिले आहे. शिवाय विषारी मांस शेजाऱ्याचे कुत्रे किंवा घारही खाते. खुराड्यात एखादे जनावर अडकलेच, तर त्याला हात न लावता लांबून दार उघडे करावे, किंवा वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. ते चावले किंवा त्याने ओरखडले, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रेबीजची लस सुरू करावी. मेलेली कोंबडी उकिरड्यावर टाकू नये. चुना घालून खोल पुरावी, नाहीतर तिच्या वासावर तेच जनावर दुसऱ्या रात्री परत येते.