गोव्याच्या वाटेवर जुनी अमेरिकन मोटार ओळखताना

बांदा सोडून पत्रादेवीला गोव्याची हद्द ओलांडली आणि समोरून एकोणीसशे पन्नासच्या दशकातील एखादी अमेरिकन मोटार आली, तर ती पाहायला हाताशी जेमतेम पाच सेकंद असतात. बहुतेक जण त्यातले तीन मोबाइल शोधण्यात घालवतात आणि उरलेले दोन बॉनेटवरचे नाव वाचण्यात. दोन्ही टाळावे. पुढचे दिवे, समोरची काच आणि गाडी मागे गेल्यावर तिची शेपटी, एवढेच पाहावे. नाव सगळ्यात शेवटी वाचावे. हे काम अर्थातच शेजारी बसलेल्याचे आहे, चालवणाऱ्याचे नव्हे.

गाडी मुळात अमेरिकन आहे का, हे आधी ठरवावे लागते, कारण गोलसर बॉनेटची कोणतीही जुनी गाडी आपल्याकडे सरसकट ‘व्हिंटेज’ ठरते. ॲम्बॅसेडर मूळची ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्ड आहे आणि प्रीमियर पद्मिनी मूळची इटालियन फियाट. अमेरिकन गाडी सर्वप्रथम लांबीवरून कळते. १९५७ ची शेव्हरोले बेल एअर २०० इंच, म्हणजे पाच मीटरहून थोडी अधिक लांब आहे, तर १९५९ ची मोठी कॅडिलॅक २२५ इंच, म्हणजे जवळजवळ पावणेसहा मीटर. आजच्या आपल्या छोट्या गाड्या करात सवलत मिळावी म्हणून चार मीटरच्या आत बसवलेल्या असतात. पणजीच्या फोंताइन्हासमधल्या अरुंद वळणावर ही गाडी एका दमात वळेल का, अशी शंका ज्या जुन्या गाडीकडे पाहून येते, ती अमेरिकन असण्याचा संभव मोठा.

साल ओळखण्यासाठी दिव्यांइतका प्रामाणिक साक्षीदार दुसरा नाही. अमेरिकेत १९४० पासून सर्व गाड्यांना सात इंच व्यासाचे, ठरावीक मापाचे सीलबंद दिवे बसवले जात, प्रत्येक बाजूला एक. दोन्ही बाजूंना दोन-दोन लहान दिवे लावण्याची मोकळीक तिथल्या राज्यांनी हळूहळू दिली, त्यामुळे १९५७ मध्ये काही थोड्या गाड्यांवर आणि १९५८ मध्ये बहुतेकांवर चार दिवे आले. म्हणून दोन दिवे दिसले तर साधारणपणे १९५७ किंवा त्याआधीचे साल धरावे, आणि चार दिसले तर त्यानंतरचे. मग काचेकडे वळावे. मधोमध उभी पट्टी असलेली दोन तुकड्यांची काच पन्नासच्या दशकाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांपर्यंत आढळते. त्यानंतर आलेली एकसंध काच कोपऱ्यावर न थांबता दाराच्या बाजूला वळते, आणि तिला जागा देण्यासाठी पुढचा खांब उलटा कलवलेला असतो. तो दिसायला डौलदार असतो, पण आत शिरताना गुडघा नेमका त्याच्यावरच आपटतो. एकसष्टच्या सुमारास ही हौस ओसरली.

शेपटीची गोष्ट जरा रमून सांगण्यासारखी आहे. जनरल मोटर्सच्या रचनाविभागाचे प्रमुख हार्ली अर्ल यांच्या चमूने लॉकहीड पी-३८ या जुळ्या शेपट्यांच्या लढाऊ विमानावरून स्फूर्ती घेऊन १९४८ च्या कॅडिलॅकच्या मागच्या मडगार्डांवर दोन लहानसे उंचवटे काढले. पुढच्या अकरा वर्षांत ते वाढत गेले आणि १९५९ च्या कॅडिलॅकवर त्यांचे उंच, धारदार पंख झाले. प्रत्येक पंखाला बंदुकीच्या गोळ्यांसारखे दोन लाल दिवे चिकटलेले. त्याच वर्षीच्या शेव्हरोलेचे पंख मात्र उभे नसून आडवे पसरलेले आहेत आणि त्यांच्याखाली मांजराच्या डोळ्यांसारखे तिरके दिवे आहेत, त्यामुळे या दोघींची गल्लत होण्याचे कारण नाही. मला स्वतःला १९५७ च्या बेल एअरचे पंख अधिक आवडतात. मासळीबाजारातल्या ताज्या इसवणाची शेपटी असावी तसे ते नेटके आहेत. ब्यूक ओळखायला तर शेपटीपर्यंत जावेच लागत नाही, कारण १९४९ पासून तिच्या पुढच्या मडगार्डांवर ओळीने तीन किंवा चार भोके असत.

रस्त्यावर हे एवढेच जमते. बाकीची ओळख उभ्या गाडीशी होते, आणि तिथे माझी एकदा चांगलीच फजिती झाली. मडगावहून लोटलीला जाताना एका जुन्या घराच्या बाल्कांवाशेजारी, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओसरीशेजारी, ताडपत्रीखालून क्रोमचा बंपर डोकावताना दिसला. परवानगी मागून आत गेलो, यजमानांनी ताडपत्री सारली, आणि मी तोऱ्यात विचारले, “काका, सत्तावन्नची शेव्हरोले ना?” ते काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, “पेट्रोल खंयच्यान घालतात, सांग पळोवया.” मी दोन्ही मडगार्डे तपासली, नंबरप्लेट हलवून पाहिली, झाकण कुठेच नव्हते. तेव्हा त्यांनी डावीकडचा मागचा दिवा बोटांनी खाली वळवला. दिवा बिजागरीवर झुकला आणि त्याच्यामागे पेट्रोलचे तोंड होते. गाडी १९५६ ची होती. १९५५ मध्ये डाव्या मडगार्डावर साधे झाकण असते आणि १९५७ मध्ये डाव्या पंखाच्या मागच्या क्रोमपट्टीत ते लपवलेले असते. या तीन वर्षांत सर्वांत निश्चित खूण तीच.

आता नाव शेवटी का, ते सांगतो. धातूची अक्षरे दोन स्क्रूंवर बदलता येतात, आणि कित्येकदा ती कंपनीनेच बदललेली असतात. निर्यातीसाठी काढलेली डॉज किंग्जवे म्हणजे डॉजची नाममुद्रा लावलेली प्लिमथच. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला क्रायस्लरच्या याच घराण्यातल्या गाड्या जुळवल्या, तेव्हा आपल्या रस्त्यांवर डॉज, डिसोटो आणि प्लिमथ एकमेकींच्या बहिणी म्हणून वावरल्या. जनरल मोटर्सचा शिवडीचा जुळणी कारखाना १९२८ मध्ये सुरू होऊन १९५४ मध्ये बंद झाला, म्हणजे त्याच कंपनीची असली तरी १९५५ नंतरची शेव्हरोले तिथे जुळवलेली असणे शक्य नाही. गोवा १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगिजांकडे असल्यामुळे भारतातले आयातीचे निर्बंध तिथे लागू नव्हते, ही बाब गोव्यातल्या गाडीचा इतिहास विचारताना मनात ठेवावी. स्टिअरिंग कोणत्या बाजूला आहे तेही पाहावे: पोर्तुगालने १९२८ मध्ये रस्त्याची बाजू बदलली तरी गोव्यातली वाहतूक डावीकडूनच राहिली.

गाडी पाहताना हात पाठीमागे बांधावेत, हा माझा नियम आहे. घामेजलेल्या बोटांचा ठसा क्रोमवर उमटतो आणि अंगठी किंवा पट्ट्याचे बक्कल रंगाला ओरखडा काढते. वाकून दाराखालची पट्टी आणि चाकांच्या कमानींच्या कडा पाहाव्यात. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांचा पहिला घाला तिथेच पडतो, पण गंज दिसला तरी तो मोठ्याने दाखवू नये. छायाचित्र सकाळी आठच्या आत किंवा उन्हे कलल्यावर घ्यावे, कारण दुपारी क्रोममध्ये गाडीऐवजी सूर्यच दिसतो. नंबरप्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ असेल, तर ती पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी २०२१ मध्ये आलेल्या नियमांखाली नोंदलेली आहे, अशी गाडी रोजच्या वापरासाठी काढता येत नाही, तेव्हा “एक चक्कर मारू या का?” असे मालकाला विचारू नये. रस्त्यात एकही दिसली नाही, तर मडगावजवळ नुवें येथे ‘अश्वेक व्हिंटेज वर्ल्ड’ हा जुन्या गाड्यांचा संग्रह आहे; जाण्यापूर्वी वेळेची चौकशी करावी.

किंमत विचारली की मालक गप्प होतो, असा माझा अनुभव आहे. त्याऐवजी सुटे भाग कुठून आणता, असे विचारावे. लोटलीच्या काकांना मी तेच विचारले, तेव्हा त्यांनी घरातून बिस्किटांचा जुना डबा आणला, त्यातून लेथवर घडवून घेतलेली पितळी बुशिंगे एकेक करून पायरीवर मांडली, आणि प्रत्येक कुठे बसते ते दाखवायला बॉनेट उघडले.