नक्षीची फरशी सीएनसीवर: पण आधी बेड सपाट करा

आजोळच्या ओटीवरच्या चांदणीच्या फरशांपैकी सोळा फुटल्यात. मागच्या वर्षी मी त्या घरच्या सीएनसीवर (संगणकावरच्या आराखड्याप्रमाणे कोरणारं मशीन) करायला घेतल्या आणि सोळाच्या सोळा वाया गेल्या. आता पुन्हा बसतोय, म्हणून ही तयारी लिहून ठेवतो.

मूळ फरशी भट्टीत भाजलेली नसते. धातूच्या साच्याच्या कप्प्यांत रंगीत सिमेंट ओतायचं, साचा उचलायचा, मागे कोरडं सिमेंट भरून प्रेसखाली दाबायचं. मुंबईची भारत फ्लोअरिंग टाइल्स १९२२ पासून हे करते आहे. आपल्याकडे प्रेस नाही. आपण एमडीएफवर (लाकडाच्या तंतूंची दाबलेली फळी) नक्षी कोरणार, त्यावरून सिलिकॉनचा साचा, त्यात पांढरं सिमेंट आणि कोरलेल्या रेघांत रंग.

माप एका फरशीवरून घेऊ नका. ओळीतल्या दहा मोजून दहानं भागा, सांधा वजा करा. फोटोवरून नक्षी उचलू नका, तिरकी येते. ट्रेसिंग पेपर ठेवून पेन्सिल घासा. माझी फरशी २०० मिमीची, म्हणजे नक्षीतल्या अष्टकोनाच्या रेघा प्रत्येक कोपऱ्यापासून ५८.६ मिमीवर कडेला भिडायला हव्यात. आकडा घालूनच काढा, नजरेनं नको.

आता बेड, म्हणजे मशीनचं टेबल. त्यावरचा स्पॉइलबोर्ड, म्हणजे मालाखालची बदलता येणारी फळी, सपाट करा. मी केला नव्हता. ६० अंशांच्या व्ही-बिटची, म्हणजे टोकदार कोरणीची, रेघ जितकी खोल तितकी रुंद: अर्धा मिमी खोली बदलली की रुंदी जवळजवळ ०.६ मिमीनं बदलते. माझ्या बेडला तेवढाच उतार होता. डावीकडे रेघ ३ मिमी, उजवीकडे २.४. एकेकटी फरशी छान दिसायची. दोन शेजारी ठेवल्या की जाड रेघेला बारीक रेघ भिडायची, प्रत्येक सांध्यावर. बोर्डभर पेन्सिलीनं चौकटी आखा, रुंद सपाट बिटनं ०.३ मिमीचा हात फिरवा आणि शेवटची रेघ पुसली जाईपर्यंत थांबू नका. नंतर फ्रेमचा एखादा बोल्ट आवळलात? पुन्हा सपाट करा. मशीन हलवलंत? पुन्हा.

बिट बदललं की झेड शून्य (बिटचं टोक मालाला टेकतं ती उंची) नव्यानं, कागदाचा कपटा सरकवून. तो कपटा चारही कोपऱ्यांवर सरकवून बघा. मास्क लावाच, एमडीएफची धूळ फार बारीक असते.

कोरून झालं की सिलिकॉन उघडण्याआधी मास्टरच्या, म्हणजे कोरलेल्या एमडीएफच्या, चारही कडांवर रेघेला व्हर्निअर लावा. फरक दिसला तर बेडकडे परत जा. सिलिकॉन महाग आहे आणि साचा तुमची चूक सोळा वेळा छापतो.

पुढचं थोडक्यात. मास्टरला लॅकरचे तीन हात, वर मेण. सिलिकॉनचा हार्डनर वजनावर मोजा. सिमेंट ओतल्यावर टेबल हलकं ठोका, बुडबुडे निघतील. सात दिवस ओलं ठेवा. मग रंग भरा, पाणी लावून घासा, बेतानं, कारण व्ही-चर घासला की रेघ बारीक होते. सुकल्यावर सीलर.