आवारात उभा असलेला ट्रेलर बाहेर काढण्यापूर्वी

पावसाळाभर आवारात उभा राहिलेला ४० फुटी ट्रेलर बाहेर काढायचा असेल, तर घोडा (ट्रेलर ओढणारी पुढची इंजिनगाडी) बोलावण्याच्या आदल्या दिवशीच टेप घेऊन फाटकाची रुंदी, समोरच्या रस्त्याची रुंदी आणि ट्रेलरच्या मागच्या एक्सलपासून फाटकाच्या खांबापर्यंतचे अंतर मोजून कागदावर लिहावे. वळताना ट्रेलरची चाके घोड्याच्या चाकोरीतून न जाता आतल्या बाजूने जागा कापत जातात, म्हणून मागचा एक्सल खांबाबाहेर पडेपर्यंत घोड्याला सरळ जाता येईल का, हे या मापांवरूनच ठरते. तेवढी जागा नसेल तर पुढे-मागे करून कोन साधावा लागेल आणि त्या वेळी ट्रेलरची शेपटी वळणाच्या उलट बाजूच्या गडग्याला लागणार नाही, हेही पाहावे लागेल. चालक उजवीकडे बसत असल्याने ट्रेलरची डावी बाजू त्याला नीट दिसत नाही. निवड करता येत असेल तर उजवीकडे वळणारा मार्ग घ्यावा. कंटेनर चढवलेला असल्यास विजेच्या तारा आणि माडाच्या झावळ्याही पाहून ठेवाव्यात.

उरणच्या बाजूला अनेक आवारे मिठागरांवर आणि खाजणावर भराव टाकून झाली आहेत. अशा जमिनीत पावसानंतर ट्रेलरचे पाय (घोडा नसताना पुढचा भाग तोलणारे टेकू) रुततात आणि त्याचे नाक खाली जाते. घोडा मागे घेण्यापूर्वी पायांखाली जाड फळ्या देऊन, हँडल हळू गिअरमध्ये फिरवून उंची साधावी. ट्रेलर फार खाली असेल तर घोडा त्याच्यावर आदळतो. फार वर असेल तर किंगपिन (ट्रेलरच्या पुढच्या भागाखालची जोडणीची खुंटी) घोड्यावरच्या जबड्यात न बसता वरूनच सरकते, आणि हा दुसरा प्रकार अधिक घातक आहे, कारण बाहेरून पाहणाऱ्याला जोडणी झाल्यासारखी दिसते. म्हणून चालकाने इंजिन बंद करून, टॉर्च घेऊन स्वतः वाकून पाहावे: घोड्याची आणि ट्रेलरची अशा एकमेकींवर टेकणाऱ्या दोन्ही प्लेटांमध्ये फट नसावी आणि जबडा किंगपिनच्या मानेभोवती बंद झालेला असावा. ही तपासणी क्लीनरच्या तोंडी शब्दावर सोडणे मला मुळीच मान्य नाही.

हवेचे पाईप आणि दिव्यांचा प्लग जोडून हवा भरावी. त्यानंतर पाय जमिनीपासून जेमतेम उचलून, ट्रेलरचा ब्रेक लावलेला ठेवून, घोडा हलकेच पुढे ओढून जोडणी धरते का पाहावे. ही चाचणी होईपर्यंत चाकांचे ठोकळे काढू नयेत. खाऱ्या हवेत ब्रेकचे शू ड्रमला चिकटतात. ब्रेक सोडल्यावरही एखादे चाक न फिरता घासत येत असेल, तर जोर लावू नये, गाडी थांबवून, ठोकळे लावून ड्रमवर हातोडीने ठोकावे.

इशारे एकाच माणसाने द्यावेत आणि तो दिसेनासा होताच चालकाने थांबावे. एसटीच्या आणि शाळेच्या वेळा टाळाव्यात. रस्त्यावर थोडे अंतर गेल्यावर थांबून प्रत्येक ड्रमजवळ हात नेऊन पाहावे; एखादा इतरांपेक्षा तापलेला असल्यास त्याचा ब्रेक अजून घासत आहे, तो सुटेपर्यंत महामार्गाला लागू नये.