क्लाउडस्टॅक बसवण्यापूर्वी

कार्यालयातल्या एखाद्या जुन्या सर्व्हरवर ॲपाची क्लाउडस्टॅक (आपल्याच सर्व्हरवर क्लाउड चालवण्याची प्रणाली) बसवायचे ठरले, की कोणतेही पॅकेज उतरवण्याआधी कागद घेऊन आयपी पत्त्यांचा तक्ता मांडावा. राऊटर डीएचसीपीने, म्हणजे जोडलेल्या उपकरणांना आपोआप, कोणते पत्ते वाटतो ते त्याच्या सेटिंगमध्ये स्वतः पाहावे. ती मर्यादा पत्त्याच्या शेवटच्या आकड्यात १०० ते १९९ अशी आवळावी, २० ते ३९ हे पत्ते पॉडमधील (होस्टच्या गटातील) सिस्टीम व्हीएमसाठी, म्हणजे क्लाउडस्टॅकची स्वतःची कामे करणाऱ्या आभासी यंत्रांसाठी, आणि ४० ते ९० बाकीच्या व्हीएमसाठी राखावेत. प्रिंटर, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर आणि हजेरीचे यंत्र यांना कोणीतरी केव्हातरी स्थिर पत्ते देऊन ठेवलेले असतात. तेही तक्त्यात यायला हवेत.

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीत गोव्यातले पर्वरीचे कार्यालय रिकामे असताना केलेली मांडणी बिनबोभाट चालते; सुट्टी संपून सर्वांचे मोबाइल वायफायला जोडले गेले, की राऊटर आपण वापरलेलेच पत्ते त्यांना वाटून मोकळा होतो. मग सेकंडरी स्टोरेज व्हीएम हा सिस्टीम व्हीएम पडद्यावर चालू दिसतो, पण त्याचा एजंट (क्लाउडस्टॅकशी संपर्क ठेवणारा प्रोग्राम) जोडलेला राहत नाही, आणि टेम्पलेट (नव्या व्हीएमचा तयार साचा) उतरवण्याचे काम त्याच्याकडेच असल्याने तेही अडकते. दोष आपण एनएफएसमध्ये, म्हणजे नेटवर्कवरून वापरायच्या सामायिक साठवणीत, शोधत बसतो. मागच्या खेपेस मीही तिथेच शोधत होतो. म्हणून पुन्हा सांगतो, आधी डीएचसीपीची मर्यादा.

बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू असावे, हे सांगायला नको. ब्रिज (व्हीएमना नेटवर्कशी जोडणारा दुवा) तयार करताना एसएसएचचा (दुरून सर्व्हर हाताळण्याचा) संपर्क तुटू शकतो, तेव्हा सर्व्हरला मॉनिटर आणि कीबोर्ड जोडलेला ठेवावा.

पावसाळ्यात गोव्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. यूपीएसवर सर्व्हरबरोबर नेटवर्कचा स्विचही हवा, कारण एनएफएस वेगळ्या यंत्रावर असेल आणि मधला स्विच बंद पडला, तर केव्हीएम होस्टवरील (व्हीएम चालवणाऱ्या सर्व्हरवरील) एजंटला प्रायमरी स्टोरेजवर (व्हीएमच्या डिस्क असतात त्या साठवणीवर) आपण चालू असल्याची खूण लिहिता येत नाही आणि नेहमीच्या मांडणीत तो अख्खा होस्टच रीबूट करतो.

पुढे झोन, पॉड, क्लस्टर, होस्ट हा मोठ्या गटापासून एकेका सर्व्हरपर्यंतचा क्रम क्लाउडस्टॅकचा विझार्डच सांभाळतो. पॉडचे राखीव पत्ते मात्र तक्ता समोर धरूनच भरावेत, आठवणीवर विसंबू नये. क्रोनी या प्रोग्रामने सर्व यंत्रांची वेळ जुळवावी. फायरवॉलमध्ये ८०८० आणि ८२५० हे पोर्ट उघडावेत. ॲडमिनचा मूळ पासवर्ड लगेच बदलावा. मायएसक्यूएलचा (क्लाउडस्टॅकच्या डेटाबेसचा) बॅकअप दुसऱ्या यंत्रावर ठेवावा.