अमेरिकी खेळांचा महिन्याचा आढावा कसा तयार करावा: नोव्हेंबर धरून

अमेरिकेतल्या व्यावसायिक आणि कॉलेज खेळांचा एकत्र आढावा लिहायला नोव्हेंबरइतका किचकट महिना दुसरा नाही. बेसबॉलचा हंगाम संपत असतो, एनबीए (बास्केटबॉल) आणि एनएचएल (आइस हॉकी) नुकत्याच सुरू झालेल्या असतात, एनएफएल (अमेरिकी फुटबॉलची व्यावसायिक लीग) अर्ध्याच्या पुढे गेलेली असते, कॉलेज फुटबॉल अखेरच्या आठवड्यांत असतो आणि कॉलेज बास्केटबॉलला सुरुवात होते. हा महिना नीट जमला की बाकीचे अकरा सोपे जातात, म्हणून उदाहरणं नोव्हेंबर २०२५ची घेतली आहेत.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की असू द्या. पराभव सगळीकडे एकच दिसतो, पण त्याचं वजन सारखं नसतं. कॉलेज फुटबॉलच्या नियमित हंगामात एका संघाचे १२ सामने होतात, एनएफएलमध्ये १७, एनबीए आणि (२०२५-२६च्या हंगामात) एनएचएलमध्ये ८२, बेसबॉलमध्ये १६२. नोव्हेंबरच्या अखेरीस कॉलेज फुटबॉलमधला एक पराभव वर्षाचा हिशेब बदलू शकतो. त्याच रात्री एनबीएमध्ये हरलेला संघ दोन दिवसांनी पुन्हा कोर्टवर असतो. दोन्ही निकालांना चार-चार ओळी देणारा आढावा वाचकाची दिशाभूल करतो. जागा हंगामाच्या टप्प्यानुसार वाटा.

महिना कुठे सुरू, कुठे संपतो

तारखेचा गोंधळ सगळ्यात आधी मिटवा. सामना ज्या मैदानावर झाला, तिथल्या घड्याळाप्रमाणे तो ज्या दिवशी सुरू झाला तीच त्याची तारीख. २०२५च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे बेसबॉलच्या अजिंक्यपदाच्या मालिकेचा, सातवा सामना टोरांटोत १ नोव्हेंबरला रात्री सुरू झाला आणि ११ डावांनंतर मध्यरात्र उलटल्यावर संपला. लॉस एंजेलिस डॉजर्सनी टोरांटो ब्लू जेजना ५-४ हरवून मालिका ४-३ अशी जिंकली. हा निकाल १ नोव्हेंबरचाच. २ तारखेला टाकला तर नोंद चुकते. आणखी एक खाच: अमेरिकेत घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे जातात. दुसऱ्या देशात बसून वेळा लिहिणाऱ्यांचं गणित त्या आठवड्यात हमखास तासाभराने चुकतं.

एनएफएलचा आठवडा गुरुवारी सुरू होऊन सोमवारी रात्री संपतो आणि महिन्याच्या कडेवर अडकतो. २०२५मध्ये नववा आठवडा ३० ऑक्टोबरला सुरू झाला, तर तेरावा १ डिसेंबरला संपला. आठवडा मधूनच कापू नका. ज्या महिन्यात त्या आठवड्यातला रविवार येतो, त्या महिन्यात अख्खा आठवडा घाला. या हिशेबाने २ नोव्हेंबर ते ३० नोव्हेंबर असे पाच रविवार, म्हणजे नववा ते तेरावा आठवडा. बाकी खेळांना सरळ तारीख लावा. हा नियम आढाव्याच्या तळाशी एका ओळीत लिहा, म्हणजे ३० ऑक्टोबरचा निकाल नोव्हेंबरमध्ये कसा, असा प्रश्न कुणी विचारणार नाही.

तक्ता

प्रत्येक संघासाठी सहा रकाने पुरतात: महिना सुरू होतानाची जय-पराजयाची नोंद, महिनाअखेरची नोंद, महिन्यातले विजय, महिन्यातले पराभव, गट किंवा कॉन्फरन्समधली (कॉलेजांच्या गटातली) नोंद आणि शेरा. महिन्यातली कामगिरी मोजत बसू नका. अखेरच्या नोंदीतून सुरुवातीची वजा करा आणि मग वेळापत्रकाशी ताडून पाहा. फरक आला तर बहुधा पुढे ढकललेला सामना राहून गेलेला असतो, नाहीतर एक सामना दोनदा मोजला गेलेला असतो.

पडताळणीची साधी युक्ती: एनबीएच्या सगळ्या संघांचे विजय आणि सगळ्या संघांचे पराभव, दोन्ही बेरजा कोणत्याही दिवशी सारख्या आल्या पाहिजेत. नाही आल्या तर तक्त्यात चूक आहे, शोधा. कॉलेजमध्ये हीच कसोटी फक्त कॉन्फरन्समधल्या नोंदींना लावा, कारण बाहेरच्या सामन्यांतला प्रतिस्पर्धी तुमच्या तक्त्यात नसतो.

एनएचएलला ही बेरीज वेगळी पडते आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. विजयाला २ गुण. जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये (बरोबरी फोडणाऱ्या एकेक फटक्यांच्या फेरीत) हरलं तरी १ गुण. १२-६-४ म्हणजे १२ विजय, ६ साधे पराभव आणि ४ जादा वेळेतले किंवा शूटआउटमधले पराभव. गुण २८. तिसरा आकडा बरोबरीचा नाही. असा संघ २२ पैकी १० सामने हरलेला असतो, त्यामुळे ‘फक्त सहा पराभव’ असं लिहिणं चूक आहे. शूटआउटचा निकाल लिहिताना जिंकणाऱ्याच्या खात्यात एकच गोल वाढतो, मग शूटआउटमध्ये कितीही गोल झालेले असोत.

एनएफएलमध्ये मात्र तिसरा आकडा खरोखरच बरोबरीचा असतो, आणि बरोबरी म्हणजे अर्धा विजय. २८ सप्टेंबर २०२५ला पॅकर्स आणि काउबॉइज ४०-४० असे सुटले. तेराव्या आठवड्यानंतर पॅकर्स ८-३-१ होते: साडेआठ भागिले बारा, म्हणजे .७०८. त्यांच्याच गटात बेअर्स ९-३, म्हणजे .७५०. दोघांचे पराभव तीनच, तरी बेअर्स वर. फरक त्या एका बरोबरीचा.

बेसबॉल आणि एनबीएमध्ये आघाडी ‘किती सामन्यांनी मागे’ अशी सांगतात. विजयांतला फरक आणि पराभवांतला फरक मिळवा, दोनने भागा. १२-५ आणि १०-६ मध्ये २ अधिक १, भागिले २, म्हणजे दीड सामना.

एनबीए कपचा, म्हणजे हंगामातच खेळल्या जाणाऱ्या स्पर्धेचा, सापळाही लक्षात ठेवा. कपचे सगळे सामने नियमित हंगामात धरले जातात, फक्त अंतिम सामना धरला जात नाही. तो डिसेंबरमध्ये येतो, तेव्हा डिसेंबरच्या तक्त्यात बेरीज अडली तर आधी तिकडे पाहा.

नावं

जायंट्स दोन: न्यूयॉर्कचे फुटबॉलमध्ये, सॅन फ्रान्सिस्कोचे बेसबॉलमध्ये. कार्डिनल्स, पँथर्स, रेंजर्स, किंग्ज, जेट्स यांचंही तेच. पहिल्या उल्लेखात शहर किंवा राज्य लिहाच. कॉलेजमध्ये फ्लोरिडातली मायामी आणि ओहायोतली मायामी ही वेगवेगळी विद्यापीठं आहेत. कॉन्फरन्सच्या नावावर आणि नकाशावर तर अजिबात विसंबू नका: बिग टेनमध्ये (नावात दहा असूनही) १८ विद्यापीठं आहेत आणि अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये पॅसिफिक किनाऱ्याजवळची स्टॅनफर्ड.

क्रमवारी कोणती, कधीची

कॉलेज फुटबॉलमध्ये दोन याद्या समोर येतात. एपी या वृत्तसंस्थेची यादी पत्रकारांच्या मतांवर बनते: पहिल्या क्रमांकाच्या मताला २५ गुण, दुसऱ्याला २४, असं उतरत जातं. प्लेऑफ (विजेतेपदाची बाद फेरी) ठरवणाऱ्या समितीची यादी हंगामाच्या उत्तरार्धातच सुरू होते. २०२५मध्ये पहिली ४ नोव्हेंबरला आली आणि ओहायो स्टेट अव्वल होती. १२ संघांचं प्लेऑफ समितीच्या यादीवरून ठरतं. म्हणून त्या तारखेपर्यंत एपी, नंतर समिती, हे धोरण ठेवा. एका परिच्छेदात दोन याद्यांची सरमिसळ नको.

क्रमांक सामन्याच्या दिवशीचा लिहायचा. महिन्याच्या सुरुवातीला दहावा असलेला संघ पुढे यादीबाहेर गेला, तरी त्याला हरवणाऱ्याने त्या दिवशी दहाव्यालाच हरवलेलं असतं. त्या विजयाची किंमत पुढे उतरली हे वेगळ्या वाक्यात सांगता येतं, आणि सांगावंच.

बातम्या

निकालांपेक्षा बातम्या जास्त फसव्या. तीन अवस्था वेगळ्या ठेवा: चर्चा आहे, ठरलं आहे, जाहीर झालं आहे. आढाव्यात फक्त तिसरी. एनएफएलमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीच्या ४ नोव्हेंबरच्या मुदतीला न्यूयॉर्क जेट्सनी सॉस गार्डनरला कोल्ट्सकडे दिलं, बदल्यात ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या निवडीच्या) पहिल्या फेरीच्या दोन निवडी आणि रिसीव्हर अडोनाय मिचेल मिळाले: अशा नोंदीत कोण गेलं आणि काय आलं, हे दोन्ही हवं. करारात एकूण रक्कम आणि हमीची रक्कम वेगळी असते. एनएफएलमध्ये हमीचाच आकडा खरा बोलका.

प्रशिक्षकांच्या बदलीत तारीख आणि संघाची त्या दिवशीची नोंद द्या. कॉलेज फुटबॉलचे प्रशिक्षक लेन किफिन ३० नोव्हेंबरला ओल मिस (मिसिसिपी विद्यापीठ) सोडून एलएसयूकडे (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) गेले, तेव्हा ओल मिस ११-१ होती. नोंद वगळली तर बातमीतली निम्मी गंमत जाते.

लिहिताना

निकालाच्या ओळीचा साचा ठरवून टाका: तारीख, विजेता, गुण, हरलेला संघ, नवी नोंद, एक कारण. ‘२९ नोव्हेंबर: ओहायो स्टेटने मिशिगनला २७-९ हरवलं. ओहायो स्टेट १२-०. मिशिगनकडून सलग चार वर्षं हरण्याची मालिका संपली.’ एवढं बस. फटक्यांची वर्णनं सामन्याच्या वृत्तात शोभतात.

महिलांचे खेळ तळाच्या चौकटीत ढकलू नका. मुख्य क्रमातच घ्या. २२ नोव्हेंबरला गॉथम एफसीने वॉशिंग्टन स्पिरिटला १-० हरवून एनडब्ल्यूएसएलचं (महिलांच्या व्यावसायिक सॉकर लीगचं) विजेतेपद घेतलं. अजिंक्यपदाचा निकाल हंगामाच्या सुरुवातीच्या कुठल्याही निकालाच्या वर बसतो.

क्रॉस कंट्रीसारख्या खेळात उलटं गणित असतं: पहिल्या पाच धावपटूंचे क्रमांक मिळवायचे आणि सगळ्यात कमी बेरीज जिंकते. तिथे ‘७० गुणांनी जिंकले’ नव्हे, ‘७० गुणांसह जिंकले’.

आकडे रात्रीच्या रात्री गोठवू नका. एनएफएलमध्ये यार्ड (चेंडू पुढे नेल्याचं अंतर) आणि सॅकच्या (क्वार्टरबॅकला चेंडू टाकण्याआधीच पाडल्याच्या) नोंदी सामन्यानंतरच्या दिवसांत दुरुस्त होतात, म्हणून वैयक्तिक आकडे आठवड्याच्या मध्यावर पुन्हा तपासा. कॉलेजच्या जुन्या विक्रमांत तर आख्खे विजय रद्द होतात: लुइव्हिलचं २०१३चं बास्केटबॉल विजेतेपद २०१८मध्ये काढून घेण्यात आलं. ‘इतक्या वर्षांत पहिल्यांदा’ लिहिण्याआधी रद्द झालेल्या नोंदी पाहा. आणि शीर्षकाखाली लिहा: ‘आकडे ३० नोव्हेंबरच्या सामन्यांपर्यंत, एनएफएल तेरावा आठवडा पूर्ण धरून.’