हट्टी, अध्ययन अक्षम मुलासोबत बाहेरची कामं: या चुका टाळा

दळण टाकायचं, मेथी आणायची, शिंप्याकडचा ब्लाउज घ्यायचा, पासबुक भरून घ्यायचं. मोठ्या माणसाला ही तासाभराची फेरी. सोबत डिस्लेक्सिया (वाचणं-लिहिणं जड जाणं) किंवा तशीच शिकण्यातली अडचण असलेलं आणि वर स्वभावाने हट्टी मूल असेल, तर ती भररस्त्यात भांडणाने संपू शकते. मग रात्री आपण स्वतःला बजावतो, उद्यापासून ओरडायचं नाही. असं बजावून काही होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. संयम सुटण्याच्या जागा ठरलेल्या असतात. त्या घरातून निघण्यापूर्वीच हेरून ठेवाव्यात.

"जाता जाता तेवढं..."

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. मुलाला सांगितलेलं असतं गिरणी आणि मंडई. वाटेत मेडिकल दिसतं, मग झेरॉक्स आठवते. आपल्या लेखी ती दोन मिनिटं. मुलाच्या डोक्यात मात्र 'मंडई झाली की घर' हे पक्कं बसलेलं असतं. ठरलेलं बदललं की हट्टी मुलाला आपण फसवलो गेलो असंच वाटतं. म्हणून थांबे दोनच ठेवा, कंटाळवाणा आधी. आठवलेलं तिसरं काम उद्यावर जाऊ द्या, नाहीतर घरातल्या दुसऱ्या कुणावर सोपवा. मेडिकल अगदीच टळत नसेल, तर त्याच्या दारात पोचेपर्यंत थांबू नका, मंडईतच सांगून टाका.

एका दमात चार सूचना

"चप्पल घाल, बाटली भर, पंखा बंद कर आणि पिशवी घेऊन ये." अध्ययन अक्षमता असलेल्या बऱ्याच मुलांना ऐकलेलं क्रमाने लक्षात ठेवणं जड जातं. मूल नुसती पिशवी घेऊन उभं राहतं आणि आपण म्हणतो, मुद्दाम करतोय. पुष्कळसा 'हट्ट' इथेच सुरू होतो, आणि तोही आपल्याच डोक्यात. एक सूचना द्या, ती झाली की दुसरी. कामांची यादी लिहून देण्यापेक्षा चित्रं काढून द्या: डबा, मेथीची जुडी, घर. झालेल्या कामावर काट त्यानेच मारायची. चित्रकला यथातथाच असली तरी बिघडत नाही. आमच्याकडची मेथी झाडूसारखी दिसते, आणि तिला हसण्यात रांगेतला वेळ बरा जातो.

"पाचच मिनिटं"

ज्याला घड्याळाचा अंदाज येत नाही, त्याच्यासाठी पाच मिनिटं आणि पाऊण तास सारखेच. डोळ्यांना दिसेल असं सांगा: "निळ्या शर्टवाले काका झाले की आपण." बँकेत टोकन असेल तर ते त्याच्याच हातात द्या.

दुकानदारासमोर परीक्षा

"वाच बघू पाटीवर काय लिहिलंय." "किती सुटे परत आले, सांग काकांना." हौस शिकवण्याची असते, पण चारचौघांत चुकण्यापेक्षा मूल पाय आपटणं पत्करतं. त्यात आपले आकडे अवघड. दुकानदार म्हणतो "सदुसष्ट". कानावर आधी सात पडतो, लिहायला आधी सहा लागतो. "एकोणसत्तर"मध्ये सत्तर ऐकू येतं आणि लिहायचं ६९. अंकांची जागा मुळातच धरून ठेवता न येणाऱ्या मुलाची इथे पुरती फजिती होते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'साठ सात' अशा वाचनाची सोय आली तेव्हा तिची खूप थट्टा झाली. थट्टा राहू द्या बाजूला, तुम्ही ती सोय बिनदिक्कत वापरा. हळूच म्हणा, "साठ आणि सात." मुलाला टोमॅटो निवडू द्या, क्यूआर कोड स्कॅन करू द्या. दुकानातला स्पीकर रक्कम मोठ्याने बोलतो. ती मोबाइलवरच्या आकड्याशी जुळते का, हे त्याने बघायचं. चुकलंच तर ते तुमच्याशिवाय कुणाला कळतही नाही.

रडणं सुरू झाल्यावरचा सौदा

"गप्प बसलास तर चॉकलेट" म्हटलं, की पुढच्या वेळी रडणं लवकर सुरू होणार. खाऊला माझा विरोध नाही. पण तो निघण्याआधी ठरवा, आणि दोन्ही कामं झाली की द्या. कामं कुरकुर करत झाली तरी द्या, कारण ठरलं होतं कामांचं. हसऱ्या चेहऱ्याचं नव्हे.

बघ्यांसाठी ओरडणं

"लाडावून ठेवलंय." "आमच्या वेळी दोन ठेवून दिल्या की गप्प." असं ऐकलं की आपण मुलावर खेकसतो, ते खरं तर त्या आजोबांना दाखवायला. एक वाक्य तयार ठेवा: "हो काका, आम्ही बघतो." मुलाच्या निदानाची माहिती भाजीवालीपासून रिक्षावाल्यापर्यंत कुणालाही देणं तुम्ही लागत नाही.

तरीही बिघडलंच तर

बोलणं कमी करा, आवाज खाली आणा. रस्त्याच्या कडेला या. भरलेली पिशवी ओळखीच्या दुकानदाराकडे ठेवायला सांगा, परत येऊन घेता येते. समजावणं, जाब विचारणं हे तिथेही नको आणि परतीच्या रिक्षातही नको. बोलायचं ते जेवणानंतर, थोडक्यात. आणि निघताना मूल उपाशी किंवा झोपाळलेलं नव्हतं ना, हे आधी आठवून बघा.

काही कामं मात्र मुलाला नेल्याशिवाय होतच नाहीत. आधारचं बायोमेट्रिक अपडेट वयाच्या ५ आणि १५ व्या वर्षानंतर करावं लागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, पण प्रमाणपत्रासाठीच्या चाचण्या सहसा एका भेटीत उरकत नाहीत. अशा दिवशी दुसरं कुठलंच काम ठेवू नका. कागदपत्रं आदल्या रात्री भरून ठेवा, जमलं तर आणखी एका मोठ्या माणसाला सोबत न्या. एकाने रांगेत उभं राहायचं, दुसऱ्याने मुलाला घेऊन बाहेर फिरायचं. नंबर जवळ आला की फोन.