महिला ग्रामसभेत आपला ठराव कसा मांडायचा आणि तो कामापर्यंत कसा न्यायचा

शहापूर तालुक्यातल्या एका गावात मी ग्रामसंघाची, म्हणजे गावातल्या सगळ्या बचत गटांच्या संघाची, सचिव आहे. गाव आणि तीन पाडे मिळून आमचे अकरा बचत गट. बऱ्याच ठिकाणी गट म्हणजे आठवड्याला बसायचं, पैसे जमा करायचे, वहीत लिहायचं आणि घरी जायचं एवढंच होऊन बसलंय. बचत हवीच, तिच्यामुळेच तर बायका बाहेर पडल्या, पण शंभरेक बायका ठरलेल्या दिवशी न चुकता एकत्र बसतात अशी दुसरी कुठली गोष्ट गावात आहे सांगा बरं. ही ताकद लावायची जागा म्हणजे महिला ग्रामसभा. तिथे नक्की काय करायचं असं बऱ्याच ताई विचारतात, म्हणून आम्ही जसं केलं तसं सांगते.

पहिलं म्हणजे ही सभा कुणाची मेहेरबानी नाही. वर्षाला किमान ४ ग्रामसभा घ्यायच्या आणि नेहमीच्या ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्यायची हे कायद्यातच आहे. साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखांच्या आसपास लक्ष ठेवायचं, नोटीस लागली की फोटो काढून गटाच्या ग्रुपवर टाकायचा. काही गावांत रजिस्टरच घरी येतं, सही करा म्हणतात आणि झाली सभा. अशी सही देऊ नका. भांडायचंही नाही, सरळ सांगायचं की भाऊ सभा कधी आहे ते सांग, आम्ही सगळ्या तिथे येऊनच सही करतो.

आता विषय. एकच घ्या. पहिल्या वर्षी आम्ही नऊ विषय घेऊन गेलो, रस्ता, दिवे, दारू, अंगणवाडी, पाणी, स्मशानभूमी सगळंच, आणि एकही धड बोलून झाला नाही. नंतर गटागटात विचारलं तर सगळीकडून पाणीच आलं. भातसा, तानसा, वैतरणा, मुंबईला पाणी पुरवणारी धरणं आमच्या भागात आणि एप्रिल उजाडला की आमच्याच पाड्यांवर टँकरची वाट बघायची, हे दरवर्षी बोलून बोलून तोंड दुखलं होतं. पण नुसतं पाण्याची सोय करा म्हटलं की बघू म्हणतात आणि विषय तिथेच संपतो, म्हणून आम्ही मोजायला बसलो.

हे मोजणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. खालच्या पाड्याच्या विहिरीवर आठवडाभर पाळीपाळीने दोघी दोघी बसल्या, शाळेची दोनशे पानी वही घेऊन. कोण आली, किती वाजता आली, किती हंडे भरले, किती वाजता गेली. विहिरीत तळाशी गाळ, त्यात एका कोपऱ्यात झरा, त्यामुळे एकजण आत उतरून वाटीने कळशी भरणार आणि वरची दोरीने ओढणार. एक आजी पहाटे चारला आल्या आणि साडेसहाला दोन हंडे घेऊन गेल्या, ते तसंच वहीत आहे. त्यांना लिहिता येत नाही, पण आपलं नाव लिहिलेलं त्यांनी दोनदा बोट ठेवून वाचून घेतलं. अशी वही समोर ठेवली की समोरच्याला उडवाउडवीचं उत्तर देता येत नाही.

मग ठराव लिहायचा, आणि तो सभेत जाऊन नाही, घरूनच लिहून न्यायचा. त्यात जागा कुठली, काम काय, पैसा कुठल्या निधीतून आणि ग्रामपंचायतीच्या कुठल्या वर्षाच्या विकास आराखड्यात, हे चारही आलं पाहिजे. आमचा असा होता की खालच्या पाड्याच्या विहिरीतला गाळ काढावा, विहीर खोल करून कठडा बांधावा, खर्च पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित (ठरलेल्या कामांसाठीच वापरायच्या) निधीतून करावा आणि काम येत्या वर्षाच्या आराखड्यात घ्यावं. वित्त आयोगाच्या एकूण निधीत ६० टक्के पैसा पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखून ठेवलेला होता, हे आम्हाला माहीत होतं म्हणून पैसे नाहीत हे उत्तर चाललं नाही. तुमचं गाव पेसात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांच्या कायद्यात, असेल तर पेसाच्या ५ टक्के निधीचंही विचारा. आराखड्याचं काम २ ऑक्टोबरपासून सुरू होतं, उमेद या बचत गटांच्या सरकारी अभियानातून ग्रामसंघ जो व्हीपीआरपी (गावातली गरिबी कमी करण्याचा आराखडा) करतो तो पण त्याच वेळी द्यायचा असतो, त्यामुळे दिवाळीनंतर जागं होऊन उपयोग नाही. आणखी एक, आमच्याकडे दिवाळी झाली की कातकरी वाडीतली कुटुंबं वीटभट्टीवर भिवंडी-कल्याणकडे जातात. त्या बायकांचं म्हणणं भातकापणीच्या आधीच वाडीवर जाऊन लिहून घ्या, नाहीतर ज्यांना सगळ्यात जास्त त्रास त्यांचंच नाव कुठे येत नाही.

सभेच्या दिवशी सूचक (ठराव मांडणारी) आणि अनुमोदक (त्याला पाठिंबा देणारी) आधीच ठरवून ठेवा. शक्यतो ज्या पाड्याचा प्रश्न त्या पाड्याची बाईच सूचक हवी, शिकलेल्या बाईने बोलायचं आणि बाकीच्यांनी मान हलवायची असं करू नका, ती अडखळली तरी चालेल, बोलू दे तिला. वही सरपंचांच्या हातात द्या. आणि सह्यांच्या बाबतीत जरा कडक राहा, कारण आम्ही इथेच फसलो होतो. विहिरीच्या पहिल्या ठरावाच्या वेळी सगळ्यांनी आल्या आल्या सह्या केल्या, ठराव बोलून झाला, टाळ्या झाल्या, आणि दोन महिन्यांनी प्रोसिडिंग, म्हणजे सभेत काय झालं त्याची नोंद, बघितलं तर त्यात आमचा शब्दही नव्हता. वाईट वाटलं त्यापेक्षा राग आला. तेव्हापासून हजेरीची सही वेगळी आणि ठराव लिहिला जाणं वेगळं हे लक्षात ठेवतो, आणि प्रोसिडिंग ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) भाऊसाहेबांना मोठ्याने वाचायला सांगतो, ठराव क्रमांक टिपून घेतो, शेवटच्या ओळीखाली रेघ मारून घेतो आणि त्या पानाचा फोटो काढतो.

दुसऱ्या दिवसापासून मोठ्या ग्रामसभेची तयारी. बायकांच्या सभेतला ठराव तिथे मांडला गेला पाहिजे, म्हणून तिथेही जायचंच. १०० मतदार किंवा एकूण मतदारांच्या १५ टक्के, यातला जो आकडा कमी तेवढी हजेरी, म्हणजे कोरम, लागतो, म्हणजे अकरा गट आले तर सभा आमच्याच जोरावर भरते. नवरे, दीर, सासरे काय म्हणतील ही भीती असते, मला पण होती, पण वीस-पंचवीसजणी एकत्र चालत गेलो की घरचेही काही बोलत नाहीत.

ठरावाची नक्कल अर्ज देऊन मागा आणि अर्जाची पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. नक्कल मिळाली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, दारिद्र्यरेषेखालच्या बाईने अर्ज केला तर फी पण नाही. हे सगळं एका फाईलमध्ये ठेवा आणि फाईल सचिवाच्या घरी नको, ग्रामसंघाच्या पेटीत ठेवा, पदाधिकारी बदलले तरी कागद तिथेच राहतात.

काम सुरू झालं की अंदाजपत्रकाची प्रत मागून दोघी-तिघी रोज चक्कर मारा, कठड्याची उंची टेपने मोजा. आमची विहीर दुसऱ्या ठरावानंतर झाली, गाळ निघाला तेव्हा तळातून तीन कळश्या आणि एक पितळी तांब्या वर आला, ज्यांचा होता त्यांनी लगेच ओळखला. आता वरच्या पाड्याचं आहे, येत्या एप्रिलमध्ये तीच वही घेऊन तिथे बसायचंय, अर्धी पानं अजून कोरी आहेत.